बिनतारी जाळ्याचें कुलूप बदलतांना

अंबरनाथच्या एमआयडीसींत शुक्रवारीं गेलेल्या माणसाला रस्ते रिकामे दिसतात. इतर दिवशीं आनंदनगरच्या रस्त्यावर मालमोटारींची जी दाटी असते ती त्या दिवशीं नसते, चहाच्या टपऱ्यांपैकीं निम्म्या झांकलेल्या असतात, आणि फाटकावरचा पहारेकरी वर्तमानपत्राचें शेवटचें पानहि वाचून काढतो. सर्व कारखान्यांनीं एकाच वारीं सुटी घेतली तर विजेच्या मागणीला सहा दिवस भरती आणि एक दिवस ओहोटी यावयाची. म्हणून निरनिराळ्या औद्योगिक वसाहतींना सुटीचे निरनिराळे वार नेमून देण्याची पद्धति पडली, आणि आपल्या भागाच्या वांट्याला शुक्रवार आला. आमच्या कित्येक विद्यार्थ्यांचे वडील म्हणूनच शुक्रवारीं घरीं असतात, तेव्हां मुलगा शाळेंत असतो. आणि रविवारीं मुलगा घरीं असतो, तेव्हां वडील कामावर.

ह्या शुक्रवारच्या शांततेंत चालू कारखान्यांत करतां न येणारीं कामें उरकलीं जातात. कोठें बॉयलर उघडून तपासतात, कोठें यंत्रांचे पट्टे बदलतात, कोठें टाक्या धुतात. गेल्या वर्षीं असलेंच एक काम आम्हांला जवळून पाहावयास मिळालें. त्यांत तेलाचा डाग नव्हता कीं हातोड्याचा आवाज नव्हता. बिनतारी जाळ्याची, म्हणजे ज्याला आपण सर्व वायफाय म्हणतों त्याची, सुरक्षिततेची व्यवस्था बदलण्याचें तें काम होतें. तें पाहण्याची आम्हांला एवढी उत्सुकता कां होती हें सांगावयाचें तर आधीं आमची एक चूक सांगितली पाहिजे.

गोष्ट तीन वर्षांपूर्वींची. शाळेच्या वायफायचा परवलीचा शब्द हळूहळू सर्वांना ठाऊक झाला होता. शिक्षकांचा तो त्यांच्या मुलांना कळला. दहावीच्या वर्गाला कोणीं सांगितला हें अद्याप उघडकीस आलेलें नाहीं. आणि समोरच्या दुकानांतील गिऱ्हाइकेंहि आमच्या खर्चानें क्रिकेटचे सामने पाहतात असें ऐकिवांत आलें. संगणकाचें काम आमच्याकडे असल्यामुळें आम्हीं एका सोमवारीं मधल्या सुटींत राउटरपाशीं बसून शब्द बदलून टाकला. चार मिनिटेंहि लागलीं नाहींत. पुढच्या दहा मिनिटांत मुख्याध्यापकांच्या खोलींतून, कचेरींतून व ग्रंथालयांतून निरोप आले कीं इंटरनेट बंद पडलें. ज्याला त्याला नवा शब्द देत आम्ही संध्याकाळपर्यंत जिने चढत-उतरत होतों. दुसऱ्या दिवशीं प्रिंटर आठवला. मग सर्व शांत झालें, आणि काम संपलें असें आम्ही समजलों.

त्यानंतर अकरा दिवसांनीं पांचवींतील एक मुलगा शाळा सुटल्यावर घरीं पोंचला नाहीं. त्याची आई साडेसहाला शाळेंत आली. मुलगा फाटकाबाहेर कोणाबरोबर पडला हें पाहावें म्हणून फाटकावरच्या कॅमेऱ्याचें चित्रण उघडलें, तर तें त्या सोमवारच्या मधल्या सुटींतच थांबलेलें. त्या कॅमेऱ्याला तार होती ती फक्त विजेची. चित्र तो वायफायवरून पाठवी. जुना शब्द घेऊन तो अकरा दिवस दार ठोठावीत होता आणि आम्हीं तें उघडलें नव्हतें. मुलगा आठ वाजतां बदलापुरास मावशीकडे सुखरूप सांपडला. शेजारच्या काकांबरोबर न विचारतां गेला होता. परंतु मधला दीड तास ती माउली काळ्या पडद्याकडे पाहत बसली होती, तें दृश्य आम्ही विसरलों नाहीं.

जाळें बंद पडलें कीं ज्या यंत्रापुढें मनुष्य बसलेला असतो तें ओरडतें, म्हणजे तो मनुष्य ओरडतो. ज्याच्यापुढें कोणीच बसलेलें नसतें तें मुकाट्यानें मरतें. ही गोष्ट आम्हांला त्या दिवशीं कळली. तिच्यावर उपाय काय, हें मात्र पुढें अंबरनाथच्या त्या कारखान्यांत कळलें.

आतां हें कुलूप म्हणजे काय तें पाहूं. तारेनें जोडलेल्या संगणकाचें बोलणें तारेच्या आंत राहतें. तें चोरून ऐकावयाचें तर चोराला घरांत शिरून तारेपर्यंत जावें लागतें. बिनतारी जाळ्याचे तरंग भिंत, कुंपण, फाटक कांहीं जाणत नाहींत. छताला लावलेली अ‍ॅक्सेस पॉइंटची पांढरी तबकडी जें बोलते तें रस्त्यावर थांबलेल्या मालमोटारीच्या ड्रायव्हरच्या मोबाइललाहि ऐकूं जातें. म्हणून ऐकूं गेलें तरी कळूं नये अशी योजना करावी लागते. यंत्र आणि अ‍ॅक्सेस पॉइंट ह्यांना ठाऊक असलेल्या एका गुप्त शब्दापासून गणितानें एक किल्ली तयार होते, आणि पुढचें सारें बोलणें त्या किल्लीनें सांकेतिक लिपींत घालून पाठविलें जातें. शब्द स्वतः हवेंतून जात नाहीं. आपणांस तो ठाऊक आहे एवढेंच दोन्ही बाजू आंकडेमोड करून परस्परांना पटवितात.

कुलूपच नसेल तर काय होतें ह्याचा दाखला दूर शोधावयास नको. २६ जुलै २००८ रोजीं अहमदाबादेंत स्फोट झाले. त्यांच्या कांहीं मिनिटें आधीं वृत्तवाहिन्यांना धमकीचा एक ई-मेल आला. पोलिसांनीं त्याचा माग काढला तो नवी मुंबईंतील सानपाडा येथें एका परदेशी गृहस्थाच्या घरापाशीं येऊन थांबला. ई-मेल त्यांनीं पाठविलेला नव्हता. त्यांच्या उघड्या वायफायचा दुसऱ्यानेंच उपयोग केला होता. त्याच वर्षीं ऑगस्ट व सप्टेंबरांत तसलेच ई-मेल माटुंग्याच्या एका महाविद्यालयाच्या आणि चेंबूरच्या एका कंपनीच्या वायफायवरून गेले. पुढें जानेवारी २००९ मध्यें मुंबई पोलिसांनीं उघडीं जाळीं शोधण्याची मोहीम काढली, आणि फेब्रुवारींत केंद्राच्या दूरसंचार विभागानें वायफाय सुरक्षित ठेवण्याविषयीं आदेश दिले.

लोखंडाला गंज चढतो तसा ह्या गणितालाहि चढतो. १९९७ सालीं वायफायच्या पहिल्या नियमांबरोबर ‘वेप’ नांवाचें कुलूप आलें. २००१ सालीं फ्लुरर, मँटिन व शमीर ह्या तिघांनीं त्यांतील फट दाखवून दिली, आणि २००७ पर्यंत अशी स्थिति झाली कीं साधा संगणक घेऊन बसलेला मनुष्य तें एखाद्या मिनिटांत उघडूं शके. मध्यंतरीं २००३ मध्यें डब्ल्यूपीए आलें. ती जुन्याच यंत्रांवर चालावी म्हणून केलेली डागडुजी होती. २००४ मध्यें डब्ल्यूपीए-२ आलें, आणि अद्यापहि पुष्कळ घरांतून तेंच आहे. २०१७ मध्यें बेल्जममधील मॅथी व्हॅनहूफ ह्या संशोधकानें त्यांतील एक दोष उघड केला; तो यंत्रांची प्रणाली सुधारून बुजवितां आला. २०१८ मध्यें डब्ल्यूपीए-३ निघालें.

ह्या शेवटच्या दोहोंतील फरक मुलांनीं समजून घेण्यासारखा आहे. डब्ल्यूपीए-२ मध्यें एखादें यंत्र जाळ्यांत शिरतांना चार संदेशांची देवघेव होते. ती हवेंतून टिपून घेऊन चोर आपल्या घरीं जाऊं शकतो, आणि मग स्वस्थ बसून एकामागून एक शब्द लावून पाहतो. संगणक त्याच्यासाठीं सेकंदाला हजारों शब्द पारखतो. कारखान्याचें नांव आणि पुढें १२३ असा शब्द ठेवलेला असेल तर सकाळ होण्याची वाट पाहावी लागत नाहीं. डब्ल्यूपीए-३ मध्यें टिपून नेलेली देवघेव अशी कामास येत नाहीं. प्रत्येक अंदाज दाराशीं येऊन विचारावा लागतो, आणि फार वेळां चुकणाऱ्याला दार थांबवून ठेवूं शकतें.

मग असें चांगलें कुलूप तत्काळ कां लावूं नये? अडचण अशी कीं येथें प्रत्येक यंत्र आपली किल्ली आपल्या पोटांत बाळगून असतें. दाराचें कुलूप बदललें त्या क्षणीं सारीं यंत्रें बाहेर पडतात, आणि त्यांना नवी किल्ली पोंचविण्याचा जो सोपा मार्ग, म्हणजे तेंच बिनतारी जाळें, तोच त्या क्षणीं बंद झालेला असतो. उलट यंत्रांना नवी किल्ली आधीं द्यावी, तर तीं जुनें दार सोडतात आणि नवें अजून उघडलेलें नसतें.

असाच पेंच आपल्या लोकलगाड्यांना पडला होता. मुंबईची पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं व्हिक्टोरिया टर्मिनसपासून कुर्ल्यापर्यंत धांवली ती १,५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर. पुढें देशांत २५,००० व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहाचा प्रघात पडला आणि मुंबईनेंहि तो घ्यावा असें ठरलें. तार बदलावी तर जुन्या गाड्या उभ्या राहतात. गाड्या बदलाव्या तर नव्या गाड्यांना जुनी तार चालत नाहीं. तोड अशी निघाली कीं दोन्ही प्रवाहांवर चालणाऱ्या गाड्या आधीं आणावयाच्या आणि मग तारेचा एकेक तुकडा बदलीत जावयाचें. मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावरील शेवटचा तुकडा जून २०१५ मध्यें बदलला, हार्बर मार्गावरील एप्रिल २०१६ मध्यें. इतकी युक्ति करूनहि रात्रीं मेगाब्लॉक घ्यावे लागलेच. पण ते सांगून-सवरून घेतलेले, कांहीं तासांचे.

वायफायलाहि अशा दोन सोयी आहेत. एक म्हणजे डब्ल्यूपीए-२ व डब्ल्यूपीए-३ दोन्ही ओळखणारें मिश्र कुलूप. दुसरी म्हणजे त्याच तबकडीवरून दोन नांवांचीं दोन जाळीं चालविणें, एक जुन्या कुलुपाचें व एक नव्या, आणि यंत्रें थोडथोडीं करून जुन्यांतून नव्यांत नेणें. दोन्ही सोयी चांगल्या आहेत, फक्त त्यांची चटक लागतां कामा नये. मिश्र कुलूप जोंवर आहे तोंवर चोर जुन्याच बाजूनें यावयाचा. आणि दोन्ही जाळीं एकाच खोलींत उघडत असतील तर नव्या दाराची मजबुती केवळ शोभेची. ‘तात्पुरतें’ म्हणून ठेवलेलें जुनें जाळें तीन तीन वर्षें तसेंच चालू असलेलें आम्हीं पाहिलें आहे.

आतां कारखान्याकडे वळूं. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ सालीं स्थापन झालें. त्याच्या पुष्कळ आधीं अंबरनाथ हें नांव काड्यापेट्यांच्या कारखान्यामुळें घरोघर माहीत होतें. आम्ही गेलों तो कारखाना औषधांच्या गोळ्यांच्या पेट्या भरणारा. तेथील संगणकविभाग सांभाळणारी मुलगी आमची जुनी विद्यार्थिनी. आमच्या कॅमेऱ्याची हकीकत ऐकून ती हंसली नाहीं. म्हणाली, “सर, आमचेंहि कुलूप बदलावयाचें आहे. नोकरी सोडून गेलेल्या कितीतरी लोकांच्या मोबाइलमध्यें आमचा शब्द अजून आहे. तुम्ही एखाद्या शुक्रवारीं याच.”

तिच्या टेबलावर संगणक तीन होते, पण तिनें आमच्यापुढें ठेवली ती दोनशें पानी वही. यंत्रांची यादी तिनें दोनदां केली होती. पहिली संगणकाला विचारून, कीं आज जाळ्याशीं कोण कोण बोललें. उत्तर आलें ६१. मग वही हातांत घेऊन ती चार दिवस कारखाना पायीं हिंडली आणि आंकडा ७४ झाला. वाढलेल्या तेरांत मार्चअखेरच्या मालमोजणीसाठीं कपाटांत ठेवलेले चार स्कॅनर होते. दुरुस्तीला गेलेला एक वजनकाटा होता. केवळ परदेशीं जाणाऱ्या खोक्यांच्या चिठ्ठ्या छापणारे दोन प्रिंटर होते. आणि बाकीचे सहा रात्रपाळीचे स्कॅनर, दिवसां झोंपलेले.

प्रत्येक यंत्रापुढें चार रकाने आंखले होते. तें कोठें आहे. नवें कुलूप त्याला समजतें काय. त्याची किल्ली कशी बदलावयाची. आणि तें गप्प झालें तर प्रथम कोणाला कळेल. चौथ्या रकान्याशीं आम्ही थांबलों. बहुतेक ठिकाणीं नांवें होतीं, गोदामाचा मुकादम, पॅकिंगच्या ताई, फाटकावरचा कारकून. नऊ ठिकाणीं मात्र तांबड्या शाईनें लिहिलें होतें, ‘कोणालाच नाहीं’.

त्या नऊंपैकीं दोन यंत्रें थंड खोलीचें तपमान टिपणारीं होतीं. त्यांच्या नोंदींत खंड पडला तर खोली थंड होती हें मागाहून सिद्ध करतां येत नाहीं, आणि आंतला माल चांगला असूनहि टाकून द्यावा लागण्याची वेळ येते. तें औषध पुढें कोणा रोग्याच्या पोटांत जावयाचें असतें, म्हणून ही कडक शिस्त योग्यच आहे. जाळें तुटलें तरी हीं यंत्रें नोंद पोटांत ठेवतात असें पुस्तिकेंत लिहिलें होतें. तिनें तेवढ्यावर न राहतां एक यंत्र दिवसभर जाळ्यापासून तोडून ठेवलें व संध्याकाळीं नोंद पुरी आली हें पाहून घेतलें. विषारी वायूची सूचना देणारी घंटा तिनें वायफायवर ठेवलेलीच नव्हती, ती तारेवर. रसायनांच्या कारखान्यांच्या शेजारीं राहणाऱ्या आपणां सर्वांना हें ऐकून बरें वाटावें.

दुसऱ्या रकान्यांत असें दिसलें कीं ११ जुन्या स्कॅनरांना डब्ल्यूपीए-३ समजत नाहीं. त्यांच्यासाठीं सर्व कारखान्याचें कुलूप ढिलें ठेवण्याऐवजीं तिनें त्यांना वेगळ्या नांवाचें वेगळें जाळें दिलें. त्याचा शब्द लांबलचक, आणि त्यांतून जाण्याची वाट फक्त गोदामाच्या मालनोंदीपुरती; पगाराकडे वा औषधांच्या कृतींकडे नाहीं. तें जाळें कोणत्या महिन्यांत बंद व्हावयाचें तेंहि वहींत तिथेंच लिहिलेलें होतें, नवे स्कॅनर घेण्याच्या मंजुरीसह. मंजुरीवांचून लिहिलेली तारीख म्हणजे नुसती इच्छा.

मग एका खोलींत, एकाच अ‍ॅक्सेस पॉइंटवर, आठ दिवस रंगीत तालीम झाली. तींत असे दोन स्कॅनर निघाले कीं ज्यांच्या पाठीवर सर्व कांहीं चालेल असें छापलेलें असूनहि मिश्र कुलूप पाहून ते बावरून बाहेरच उभे राहत. त्यांची रवानगी त्या अकरांत झाली. कचेरींतील संगणक व मोबाइल ह्यांना दुसऱ्या नांवाच्या जाळ्यावर आधींच हलविलें, त्यासाठीं काम एक मिनिटहि थांबवावें लागलें नाहीं. शुक्रवारासाठीं उरलीं तीं हट्टी यंत्रें. त्यांना ना पडदा ना अक्षरफळा. प्रत्येकापाशीं जाऊन तार लावूनच किल्ली बदलावयाची.

वार ठरविणें हेंहि वाटतें तितकें सोपें नाहीं. महिनाअखेर नको, कारण माल रवाना करण्याची घाई असते. पगाराचे दिवस नकोत. दिवाळीच्या आधींचा पंधरवडा नको. शिवाय शुक्रवार हा जसा कारखान्यांच्या सोयीचा तसा वीज व पाणी पुरविणाऱ्यांच्याहि सोयीचा. आपल्या दुरुस्त्या तेहि त्याच दिवशीं काढतात. पहिला ठरलेला शुक्रवार असाच गेला. वीज बंद राहणार अशी सूचना आली, आणि तिनें दुसऱ्याच घटकेला काम आठवडाभर पुढें ढकललें. जनित्रावर भागवूं असें कोणी सुचविलें. ती म्हणाली, एका दिवशीं एकच गोष्ट बिघडण्याची शक्यता ठेवावी.

चार दिवस आधीं फाटकावर, उपाहारगृहांत व गोदामाच्या दारावर मराठींत व हिंदींत सूचना लागली. तींत सकाळीं ९ पासून दुपारीं ४ पर्यंत काय बंद, काय चालू, आणि अडलें तर कोणाला विचारावयाचें, एवढेंच साध्या शब्दांत होतें. थंड खोलीला व पहाऱ्याला शुक्रवारची सुटी नसते. त्या माणसांना तिनें स्वतः भेटून सांगितलें आणि नोंदीचे छापील कागद व पेन्सिली दिल्या. सूचना वाचली असें सर्वजण म्हणतात. वाचतात थोडे, हें शिक्षकाला कोणीं सांगावें?

शुक्रवारीं आम्ही नऊला पोंचलों. जुनी सर्व मांडणी तिनें उतरवून घेतली होती, संगणकांतहि आणि कागदावरहि. कारण जाळें बंद असतां जाळ्यावर ठेवलेला कागद उघडत नाहीं. स्वतःचा संगणक तिनें तारेनें जोडला. ज्या वायफायचें कुलूप बदलावयाचें त्याच्यावरूनच आंत शिरून तें बदलूं जाणें म्हणजे शेखचिल्लीप्रमाणें बसलेली फांदी तोडणें होय. आम्ही शाळेंत तसेंच बसलों होतों, हें तिला सांगितलें नाहीं.

रस्त्याच्या पलीकडे कारखान्याचें दुसरें गोदाम आहे. तेथपर्यंत तार नाहीं. दोन गच्च्यांवर समोरासमोर दोन तबकड्या लावून बिनतारी पूल केला आहे. आम्हांला वाटलें, जवळच्या तबकडीपासून सुरुवात होईल. तिनें आधीं दूरची घेतली.

“दूरची आधीं कां गं?” आम्हीं विचारलें.

“सर, जवळची आधीं बदलली तर पूल तुटेल, आणि दूरच्या तबकडीला सांगणार कसें? शिडी घेऊन त्या गच्चीवर जावें लागेल. दूरच्या तबकडीला पूल शाबूत असतांनाच नवा शब्द सांगावयाचा. तो घेतला कीं पूल तुटतो. मग हाताशीं असलेल्या तबकडीला तोच शब्द दिला कीं पुन्हां जुळतो.”

तसेंच झालें. दोन मिनिटें पूल तुटलेला होता, आणि तीं दोन मिनिटें कोणी बोललें नाहीं. शब्दांत एक अक्षर चुकलें असतें तरी शिडीच होती. म्हणून तो शब्द तिच्या मदतनिसानें मोठ्यानें वाचावयाचा आणि तिनें टंकावयाचा असा नियम होता. शिडी खालीं तयार ठेवलेलीहि आम्हीं पाहिली.

वहीच्या पहिल्या पानावर ठळक लिहिलें होतें, ‘परत फिरण्याची वेळ २’. दोन वाजेपर्यंत निम्मीं यंत्रें नव्या दारानें आंत आलीं नाहींत तर वाद न घालतां जुनी मांडणी परत लावावयाची व सारें पुन्हां पुढच्या शुक्रवारीं. ही वेळ आधीं, डोकें थंड असतां ठरवावी लागते. कामांत गुंतलेल्या माणसाला नेहमीं वाटतें कीं आणखी दहा मिनिटांत जमेल. दोन वाजतां सहा यंत्रेंच उरलीं होतीं, म्हणून मागें फिरावें लागलें नाहीं. परंतु चिठ्ठ्यांचे ते दोन प्रिंटर ऐकेनात. अर्धा तास झटल्यावर तिनें त्यांनाहि जुन्यांच्या वेगळ्या जाळ्यांत नेऊन बसविलें आणि वहींत तशी नोंद केली. आम्ही असतों तर रात्रीं दहापर्यंत त्यांच्याशीं भांडत बसलों असतों.

चार वाजतां काम आटोपलें, पण बंद कारखान्यांत सर्व ठीक दिसणें ही अर्धीच परीक्षा. वापरणारीं माणसें घरीं होतीं. खरी परीक्षा शनिवारीं सकाळीं सातला, पहिल्या पाळीला. म्हणून ती व तिचा मदतनीस साडेसहापासून गोदामाच्या दारांत उभीं होतीं. सव्वासातला एक वयस्क कामगार आपल्या कपाटांतून स्कॅनर घेऊन आला. “ताई, हा लागत नाहीं.” तो ७४ मध्यें नव्हताच. चांगला चालतो म्हणून तो गृहस्थ तो दोन वर्षें कुलुपांत जपून ठेवीत होता. तिनें किल्ली बदलून दिली आणि वहींत ७५ वी ओळ लिहिली. त्या नऊ तांबड्या ओळींपाशीं ती शनिवारीं, सोमवारीं आणि पुढच्या गुरुवारीं स्वतः जाऊन आली.

हा सर्व खटाटोप सर्वांचा एकच शब्द असल्यामुळें पडतो. मोठ्या संस्थांतून प्रत्येक मनुष्याला व यंत्राला स्वतंत्र ओळखपत्र देण्याची रीति आहे; तेथें नोकर गेला कीं त्याचें एकट्याचें ओळखपत्र रद्द होतें, बाकीच्यांना कांहीं कळतहि नाहीं. खर्च व देखरेख मात्र वाढते. आमच्यासारख्या शाळेला आज तें झेपणारें नाहीं.

पालकांपैकीं पुष्कळांच्या घरीं राउटर आहे. त्याच्या मांडणींत सुरक्षिततेपुढें वेप किंवा नुसतें डब्ल्यूपीए दिसलें तर तें बदलावें. शब्द आठपासून त्रेसष्ट अक्षरांपर्यंत ठेवतां येतो, तेव्हां परस्परांशीं संबंध नसलेले चार-पांच शब्द जोडून घ्यावे. मुलाची ऑनलाइन परीक्षा असेल ती संध्याकाळ त्यासाठीं निवडूं नये. आणि बदलण्यापूर्वीं घरभर एक फेरी मारावी. टीव्ही ओरडेल, मुलें तर ओरडतीलच. आजोबांचा मोबाइल ओरडणार नाहीं. परगांवीं असलेल्या नातवाचा फोन आला नाहीं, कामांत असेल, असें समजून ते गप्प बसतील.

आमच्या शाळेंत गेल्या दिवाळीच्या सुटींत कुलूप पुन्हां बदललें, ह्या वेळीं वही करून. पहिली ओळ फाटकावरच्या कॅमेऱ्याची आहे. तिच्या चौथ्या रकान्यांत शिपाईमामांचें नांव आहे. रोज सकाळीं फाटक उघडण्यापूर्वीं ते पडद्यावर फाटक दिसतें कीं नाहीं तें पाहतात आणि वहींत सही करतात.